गोल न झाल्याचा हिशेब

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते की, आइस हॉकीत बचाव करणाऱ्या फॉरवर्डची किंमत त्यानं अंगावर घेतलेल्या शॉट्सवरून करू नका. त्या एका वाक्यावर जितकी पत्रं आली तितकी या सदराला वर्षभरात आली नव्हती. काही रागावलेली, काही मनापासून समजून घ्यायला लिहिलेली. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच एका विषयाला दिलं आहे.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते: मी मूळची सांगलीची, गेली पंचवीस वर्षं बॉस्टनजवळ राहते. नोकरी औषधांच्या चाचण्यांमधल्या संख्याशास्त्राची. रोगी बरा झाला तो औषधानं की आपोआप, हे शोधणं हे माझं रोजचं काम. संध्याकाळी बॉस्टनच्या ब्रुइन्स संघाचा सामना बघताना डोक्यात तोच प्रश्न असतो. गोल झाला नाही, तो या खेळाडूमुळे की आपोआप?

मिसिसागाहून एक वाचक: *ताई, मी वीस वर्षं टोरांटोच्या लीफ्सचे सामने बघतोय. हल्ली मुलगा म्हणतो, "बाबा, प्लस-मायनस बघू नका, कोर्सी बघा." हे कोर्सी म्हणजे नक्की काय? आणि प्लस-मायनसमध्ये वाईट काय आहे? जो बर्फावर असताना आपल्यावर गोल होत नाही, तो चांगला बचाव करतो. एवढं सरळ आहे ना?*

तुमचा विचार सरळ आहे आणि पन्नास-साठ वर्षं सगळ्यांनी तसाच केला. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनी १९५० च्या दशकात हा आकडा आपल्यापुरता ठेवायला सुरुवात केली, १९६७-६८ पासून तो एनएचएल या लीगच्या अधिकृत नोंदींत आला. तुम्ही बर्फावर असताना आपल्या संघानं गोल केला तर एक अधिक, आपल्यावर झाला तर एक उणे. पॉवर प्लेवरचे, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेनं बाहेर असतानाचे, गोल धरायचे नाहीत. आमच्या ब्रुइन्सच्या बॉबी ऑरचा १९७०-७१ चा +१२४ हा आजही विक्रम आहे. तो आकडा खोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

अडचण अशी की गोल फार थोडे होतात. एक फॉरवर्ड पूर्ण मोसमात बर्फावर असताना त्याच्या गोलवर समजा ७०० शॉट आले. मागच्या गोलीचा, म्हणजे गोलरक्षकाचा, मोसम बेताचा गेला तर त्यातले ६० आत जातील, म्हणजे ९१.४ टक्के अडले. तोच गोली फॉर्मात असेल तर ४२ जातील, म्हणजे ९४ टक्के अडले. अठरा गोलांचा फरक पडला आणि आपल्या फॉरवर्डनं यात काहीही वेगळं केलेलं नाही! तो तितकाच धावला, तसाच आडवा आला, तितकेच शॉट येऊ दिले. पण प्लस-मायनसच्या तक्त्यात एका वर्षी तो संघाचा कणा ठरतो आणि दुसऱ्या वर्षी त्याला विकून टाका म्हणून लोक रेडिओवर फोन करतात.

एखादा फॉरवर्ड बर्फावर असताना आपल्या गोलीची टक्केवारी किती राहिली, हे एका मोसमातून दुसऱ्या मोसमात फारसं टिकत नाही. ज्यावर खेळाडूचा खरा ताबा असतो ते टिकतं. माझ्या कामातही कसोटी हीच. एका गटात दिसलेला गुण दुसऱ्या गटात दिसला नाही, तर तो औषधाचा गुण नव्हता.

म्हणून गोलांऐवजी गोलाचे प्रयत्न मोजायचे. कोर्सी म्हणजे गोलच्या दिशेनं मारलेला प्रत्येक शॉट: आत गेलेला, गोलीनं अडवलेला, बाहेर गेलेला आणि वाटेत कुणाच्या अंगावर आदळलेलाही. तुम्ही बर्फावर असताना दोन्ही बाजूंचे मिळून १०० प्रयत्न झाले आणि त्यातले ५५ तुमच्या संघाचे असले, तर तुमचा कोर्सी ५५ टक्के. पन्नास म्हणजे बरोबरी. एका मोसमात गोल शंभराच्या आसपास होत असतील तर प्रयत्न दोन-अडीच हजार होतात, त्यामुळे नशिबाचा गाळ लवकर खाली बसतो.

नावाची गोष्ट मला फार आवडते. जिम कोर्सी हे पूर्वी बफेलो सेबर्स संघाचे गोलरक्षकांचे प्रशिक्षक होते. गोलीला दमवतो तो फक्त अंगावर आलेला शॉट नव्हे. बाहेर जाणाऱ्या शॉटलाही त्याला तितकंच खाली बसावं लागतं, तितकंच ताठ व्हावं लागतं. म्हणून ते सगळेच प्रयत्न मोजत. पुढे टोपणनावानं लिहिणाऱ्या टिम बार्न्स यांनी हाच आकडा खेळाडूंना लावला आणि त्याला कोर्सींचं नाव दिलं. गोलीच्या पाठीचा आणि गुडघ्यांचा विचार करणाऱ्या माणसाचं नाव आज फॉरवर्डच्या तक्त्यात बसलंय. २०१५ मध्ये लीगनं स्वतःच हे आकडे द्यायला सुरुवात केली, पण कोर्सी हे नाव वगळून. लोक अजून कोर्सीच म्हणतात.

तुमच्या मुलाला मात्र एवढं सांगा की कोर्सीवर थांबू नकोस. ब्लू लाइनवरून, म्हणजे हद्दीच्या रेषेवरून, मारलेला लांबचा शॉट आणि गोलीला लागून परत आलेला, त्याच्या पुढ्यातच मिळालेला रिबाउंड, दोन्ही कोर्सीत एक-एकच. म्हणून अपेक्षित गोल आले. प्रत्येक शॉट कुठून, कोणत्या कोनातून, कसा मारला, रिबाउंड होता का, हे बघून तसे शॉट किती वेळा आत जातात तेवढी किंमत त्याला द्यायची. बचावाचा हिशेब करताना मी आधी तोच रकाना बघते: हा बर्फावर असताना दर साठ मिनिटांना प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याला किती अपेक्षित गोल आले, आणि हा बाकावर असताना किती.

उदाहरणादाखल मनानं घेतलेले आकडे देते. तो असताना २.२, नसताना २.६; फरक ०.४. पाचविरुद्ध पाच असताना तो सामन्याला १४ मिनिटं खेळतो, मोसमात ८२ सामने, म्हणजे एकोणीस तास. एकोणीस गुणिले ०.४, साडेसात गोल. हॉकीत ढोबळमानानं सहा गोल म्हणजे एक विजय. तेव्हा या माणसानं स्वतः एकही गोल न करता संघाला एक विजय आणि वर थोडं काही मिळवून दिलं. हे कुठल्याही सामन्याच्या धावत्या वर्णनात तुम्हाला ऐकू येणार नाही.

एडिसन, न्यू जर्सीहून एक वाचक: *तुम्ही लिहिलंत त्याचं वाईट वाटलं. शॉटच्या पुढ्यात आडवं पडणं याला छाती लागते. आमचे खेळाडू पायाची हाडं मोडून घेतात, दात गमावतात, आणि तुम्ही म्हणता त्याला किंमत नाही?*

माझ्या लिहिण्यातून तसा अर्थ निघाला असेल तर मनापासून क्षमा मागते. धैर्याला किंमत आहे. २०१३ च्या स्टॅन्ली कप अंतिम फेरीत आमच्या ब्रुइन्सचा पॅट्रिस बर्जरॉन मोडलेली बरगडी घेऊन खेळला आणि मालिका संपल्यावर कळलं की त्याच्या फुप्फुसालाही छिद्र पडलं होतं. त्या जूनमध्ये आमच्या घरी दोन दिवस कुणी नीट जेवलं नव्हतं. तेव्हा हाडं मोडून घेणाऱ्यांना मी कमी लेखेन, असं कधीही होणार नाही.

पण मोजमापाचा प्रश्न वेगळा आहे. शॉट अडवायचा तर आधी पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, समोरच्याकडे असावा लागतो, आपल्या हद्दीत असावा लागतो, आणि त्याला शॉट मारायला उसंत मिळालेली असावी लागते. म्हणजे तीन गोष्टी आधीच बिघडलेल्या असतात. कोकणातल्या गळक्या घरात पावसाळ्यात रात्रभर जागून बादल्या बदलणाऱ्या माणसाचे कष्ट खरेच. पण कौलं नीट शाकारली होती की नाही, हे भरलेल्या बादल्या मोजून कळत नाही. उलट बादल्या जितक्या जास्त, तितकं छप्पर वाईट. अडवलेल्या शॉट्सच्या यादीत वरच्या नंबरावर असलेला फॉरवर्ड बहुधा आपल्याच हद्दीत अडकून पडलेला असतो.

हिट्सचंही तेच. ज्याच्याकडे पक आहे त्याला धडक मारायची असते, म्हणजे मारणाऱ्याकडे तो नसतो. टेकअवे, म्हणजे हिसकावून घेतलेला पक, ही गोष्ट चांगलीच. पण ती नोंदवणारा माणूस प्रत्येक रिंकमध्ये वेगळा. एका शहरात ज्याला टेकअवे म्हणतात त्याला दुसऱ्या शहरात कुणी लिहूनही ठेवत नाही. त्यामुळे घरच्या रिंकमधला नोंदणारा उदार असला की त्या संघाचे सगळेच खेळाडू चलाख दिसायला लागतात. हे आकडे बघायचेच असतील तर फक्त बाहेरगावच्या सामन्यांचे बघा.

मग बचाव करणारा फॉरवर्ड करतो तरी काय? मी एकदा टीडी गार्डनच्या बाल्कनीत बसून पूर्ण सामना फक्त ३७ नंबरच्या जर्सीकडे बघत काढला. पक कुठे आहे ते मुद्दाम बघायचं नाही, बर्जरॉनवरची नजर हलवायची नाही. पहिली दहा मिनिटं फार जड गेली, कारण गर्दी ओरडते तिकडे मान आपोआप वळते. नंतर दिसायला लागलं. आपल्या हद्दीत शिरताना तो आधी डावीकडे, मग उजवीकडे खांद्यावरून मागे बघायचा; पक तोवर त्याच्याजवळ आलेलाही नसायचा. गोलपुढच्या मधल्या जागेत, स्लॉटमध्ये, तो जरा गुडघे वाकवून उभा राहायचा आणि काठीचं पातं बर्फावर सपाट टेकवलेलं असायचं. नुसतं टेकवलेलं नाही. कोपऱ्यातून आडवा पास कुठून जाऊ शकतो ती वाट पात्यानं बंद केलेली असायची. समोरचा खेळाडू कोपऱ्यात पक घेऊन मान वर करायचा, ती वाट बघायचा, काठी बघायचा, आणि पक निमूटपणे फळीच्या कडेनं मागे सरकवून द्यायचा. एवढंच. शॉट नाही, अडवणं नाही, हिसकावणं नाही. त्या चाळीस सेकंदांच्या शिफ्टमध्ये, म्हणजे बर्फावरच्या एका खेपेत, बर्जरॉनच्या नावापुढे एकही नोंद पडली नाही. गोलीसमोरून आडवा जाणारा पास हा हॉकीतला सगळ्यांत घातक पास, कारण गोलीला एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकावं लागतं. तो पास त्या शिफ्टमध्ये झालाच नाही.

दुसरं काम रिंकच्या मध्यावर होतं. पक गेला की मागे फिरून पकवाल्याच्या पाठीवर येणं, म्हणजे बॅकचेक. याचा फायदा कशात दिसतो ते एरिक टल्स्की यांनी दाखवलं. ते मुळात रसायनशास्त्रज्ञ. २०२४ पासून कॅरोलायना हरिकेन्सचे जनरल मॅनेजर आहेत. चढाई करणारा संघ ब्लू लाइन कशी ओलांडतो याची त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक सामना बघून नोंद केली. पक काठीवर ठेवून आत आला तर होणारे शॉट, पक नुसता आत फेकून मागे धावण्यापेक्षा दुपटीहून जास्त. पाठीवर फॉरवर्ड आला की आपल्या डिफेन्समनला पुढे उभं राहायचं धाडस होतं, आणि समोरच्याला पक फेकून द्यावा लागतो. ज्या फॉरवर्डच्या शिफ्टमध्ये काठीवर घेऊन आत येणं कमी होतं, त्यानं बचाव ब्लू लाइनच्या बाहेरच उरकलेला असतो.

एक कबुली देते. लोकांसाठी खुल्या असलेल्या अपेक्षित गोलांच्या बहुतेक मॉडेलना शॉटच्या आधीचा पास दिसत नाही, बाकीचे खेळाडू कुठे उभे होते तेही दिसत नाही. २०२१ पासून लीगमध्ये खेळाडूंच्या खांद्यावर आणि पकमध्ये सेन्सर असतात, पण ती माहिती संपूर्णपणे आपल्या हाती येत नाही. त्यामुळे न झालेल्या आडव्या पासाचं श्रेय आजही अर्धंच मोजलं जातं.

पुण्याहून एक आजोबा: *नातवंडं डेट्रॉइटला आहेत, त्यांच्यामुळे हा खेळ बघायला लागलो. आमच्या तरुणपणी एकनाथ सोलकर शॉर्ट लेगला उभा राहायचा. तुमचा हा बचाव करणारा फॉरवर्ड म्हणजे तसाच का? आणि त्यासाठी वेगळं बक्षीस आहे म्हणतात, ते काय?*

आजोबा, तुमच्या प्रश्नानं माझे वडील आठवले. सोलकरांचे २७ कसोटींत ५३ झेल, हे नोंदलेलं आहे. पण ते तिथे उभे आहेत म्हणून बेदींना पाय पुढे टाकून खेळायला फलंदाज किती वेळा कचरला, हे कुठल्याही स्कोअरबुकात नाही. झेल म्हणजे आमचा टेकअवे, आणि तो कचरणं म्हणजे मी वर सांगितलेला न झालेला पास. अगदी तसंच आहे.

बक्षिसाचं नाव फ्रँक सेल्की ट्रॉफी. मॉन्ट्रियलच्या जुन्या जनरल मॅनेजरच्या नावानं १९७८ पासून देतात, आणि हॉकीवर लिहिणारे पत्रकार मतदान करतात. पहिली चारही वर्षं ती मॉन्ट्रियलच्याच बॉब गेनीला मिळाली. तो विंगर, म्हणजे कडेनं खेळणारा फॉरवर्ड, होता आणि एका मोसमात २३ च्या वर गोल त्यानं कधी केले नाहीत. तुमच्या नातवंडांच्या डेट्रॉइटचा पावेल डॅट्सूक २००८ ते २०१० सलग तीनदा जिंकला. बर्जरॉननं सहा वेळा जिंकली, हा विक्रम. २०२४ आणि २०२५ ला फ्लोरिडाच्या अलेक्सांडर बार्कोव्हनं घेतली, त्याआधी २०२१ लाही.

माझी एक तक्रार आहे. २००३ मध्ये डॅलसच्या येरे लेहतिनेनला मिळाली, त्यानंतर २०२५ पर्यंत एकाही विंगरला नाही. सगळे सेंटर, म्हणजे मधले फॉरवर्ड. सेंटरचं काम जास्त खोलवर, अगदी आपल्या गोलपर्यंत असतं, हे मान्य. पण मतदारांच्या डोळ्यांसमोर दोन आकडे पटकन येतात, फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांमध्ये टाकलेला पक जिंकणं) आणि गुण (गोल आणि गोलाचे पास यांची बेरीज), आणि दोन्ही सेंटरच्या सोयीचे. फेसऑफबद्दल मायकल शुकर्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये काढलेला हिशेब असा की, साधारण ७६ फेसऑफ जादा जिंकले तर एक गोल हाती लागतो. बर्जरॉन साठ टक्क्यांच्या आसपास जिंकायचा, ते बघायला सुंदर होतं, पण त्याच्या मोठेपणातला तो लहान तुकडा आहे. मार्क स्टोन विंगर, २०१९ ला अंतिम तिघांत होता. हरला तो सेंटर रायन ओ'राइलीकडून. त्या वर्षी माझं मत असतं तर स्टोनला गेलं असतं.

कॅल्गरीहून एक वाचक: *आमच्या संघातल्या एका सेंटरला प्रशिक्षक शेवटच्या मिनिटात, आपल्या हद्दीतल्या प्रत्येक फेसऑफला बर्फावर पाठवतात. मॉडेलमध्ये तोच खेळाडू लाल रंगात, सगळ्यात खाली. दोघांपैकी खरं कोणाचं?*

कॅल्गरीच्या वाचकाला आधी त्यांच्याच गावचं देणं सांगायला हवं. कोर्सीतून अंगावर अडवलेले शॉट वगळले की जो आकडा उरतो त्याला फेनविक म्हणतात, कॅल्गरीच्या फ्लेम्स संघाबद्दल लिहिणाऱ्या मॅट फेनविक यांच्यावरून.

आता प्रश्न. तुम्ही लिहिता तो खेळाडू कठीण जागी खेळतो, म्हणून त्याचा साधा कोर्सी वाईट दिसणारच. आघाडीवर असलेला संघ मागे सरतो आणि हरणारा शॉट मारत सुटतो, म्हणजे शेवटच्या मिनिटात आघाडी राखायला उतरणाऱ्याचे आकडे आपोआप खराब होतात. पण चांगलं मॉडेल या सगळ्याची सूट देतं: गुणफलक काय होता, शिफ्ट कुठून सुरू झाली, सोबत कोण होतं, समोर कोण होतं. शिफ्ट आपल्या हद्दीत सुरू होण्याचं मात्र लोक फार कौतुक करतात. बहुतेक शिफ्ट खेळ चालू असतानाच, बाकावरून उडी मारून सुरू होतात. फेसऑफनं सुरू होणाऱ्या त्या मानानं थोड्या. सोबत कोण खेळतं, याचा परिणाम त्याहून पुष्कळ मोठा असतो.

आणि तिथेच मॉडेलची खरी पंचाईत होते. घरात सासू आणि सून नेहमी मिळूनच आमटी करत असतील, तर ती चांगली झाली यात कोणाचा हात किती, हे चव घेऊन सांगता येणार नाही. एक जण माहेरी गेली, एक आजारी पडली, की मग कळतं. मॉडेल अशाच दिवसांची वाट बघतं. बर्जरॉन आणि ब्रॅड मार्शंड वर्षानुवर्षं एकाच ओळीत खेळले. त्यातला एक दुखापतीनं बाहेर असतानाच्या थोड्या मिनिटांवर दोघांची वाटणी ठरते. थोड्या पुराव्यावर मोठं विधान करू नये म्हणून ही मॉडेलं प्रत्येकाला जरा सरासरीकडे ओढून ठेवतात. औषधांच्या चाचण्यांत आम्हीही तेच करतो आणि मला ते पटतं.

तुमच्या सेंटरचा लाल रंग एकाच मोसमाचा असेल, तर मी प्रशिक्षकांचं ऐकेन. सलग तीन मोसम, वेगवेगळ्या विंगरांसोबत, लालच असेल तर मॉडेलचं. मग प्रशिक्षकांना त्याच्यात दिसतंय ते बहुधा फेसऑफ आणि अंग झोकून देणं, आणि ते खरंही आहे, पण बाकीच्या वेळात गळतंय. अशा वेळी त्याच्या शिफ्टमधले दहा गोल घेऊन बसा आणि प्रत्येक वेळी पक जाण्याआधीचे दहा सेकंद बघा. पक आपल्या हद्दीतून बाहेर काढताना तो नुसता फळीवर आपटून देतो का, हे मी पहिल्यांदा तपासेन. तसा दिलेला पक बहुतेक वेळा परत येतो.

आणखी एक: पेनल्टी किल, म्हणजे आपला खेळाडू शिक्षेनं बाहेर असतानाचा बचाव, यात मिसळू नका. चार विरुद्ध पाच हा वेगळाच खेळ आहे, मिनिटं थोडी, आकडे उड्या मारतात. एखादा त्यात उत्तम आणि पाचविरुद्ध पाचमध्ये बेताचा असू शकतो, आणि संघाला दोन्ही कामांसाठी माणसं लागतात.

बॉस्टनजवळून एक आई: *माझी मुलगी बारा वर्षांची. या वर्षी प्रशिक्षकांनी तिला बचावाच्या ओळीत विंगर केलंय. गोल होत नाहीत, म्हणून घरी येऊन रडते. तुम्ही आकड्यांच्या बाई, तर मी प्रेक्षकांत बसून तिच्यासाठी काय मोजू?*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण ही वेळ माझ्या घरी येऊन गेली आहे. माझी मुलगी आता कॉलेजात आहे. ती अकरा-बारा वर्षांची असताना तिच्या संघाच्या प्रशिक्षकांनी कपडे बदलायच्या खोलीत एक तक्ता लावला होता. गोलाला सोनेरी तारा, पासाला रुपेरी. डिसेंबरपर्यंत तिच्या नावापुढची ओळ कोरी होती. दर आठवड्याला ती त्या कोऱ्या ओळीखाली बसून बूट बांधायची. प्रशिक्षकांचा हेतू वाईट नव्हता, पण मला तो तक्ता आजही आठवतो आणि आजही त्रास होतो.

मी एक शंभर पानी वही घेतली, आपल्याकडे दुकानदार वापरायचे तशी लांबट, आणि रिंकवर बसून फक्त तीन खुणा करायला लागले. तुम्हीही तेवढ्याच करा. मुलींच्या हॉकीत इथे बॉडीचेक नाही, त्यामुळे हिट्सचा रकाना मुळातच नको.

पहिली खूण: ती बर्फावर असताना समोरच्या संघानं आपली ब्लू लाइन ओलांडली की, काठीवर पक घेऊन आले तर उभी रेघ, फेकून आले तर आडवी. दुसरी: आपल्या हद्दीत पक तिच्याकडे आला तर तो कसा बाहेर गेला. ती घेऊन गेली किंवा मैत्रिणीच्या काठीवर दिला तर वर्तुळ, नुसता भिरकावला तर फुली. भिरकावणं नेहमी चूक नसतं, दमलेल्या पायांनी तेच शहाणपणाचं, तेव्हा फुलीला वाईट म्हणू नका. तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: तिच्या बाजूच्या ब्लू लाइनवर उभी असलेली समोरची डिफेन्स खेळाडू शॉट मारायच्या ऐवजी मागे वळली की एक टिंब. विंगरचं बचावातलं मुख्य काम तेच, त्या खेळाडूला जागा न देणं, आणि ते टिंब जगातल्या कुठल्याही तक्त्यात नसतं.

एका सामन्यावरून काही ठरवू नका. त्या वयात सामन्याला पंधरा-वीस शिफ्ट मिळतात, त्यातून काही निघत नाही. आठ-दहा सामने झाले की बेरीज करा आणि ती बाकावर असतानाच्या खुणांशी ताडून बघा. म्हणजे बाकीच्या विंगरांच्याही खुणा कराव्या लागतील. हात गारठतात, बोटं उघडी असलेले हातमोजे घ्या आणि पेन्सिल वापरा; रिंकच्या गारठ्यात बॉलपेन चालत नाही.

जानेवारीत एका रविवारी गाडीत मी माझ्या मुलीला वहीचं पान दाखवलं. तिच्या शिफ्टमध्ये आडव्या रेघा उभ्या रेघांच्या दुप्पट होत्या, बाकीच्यांच्यात निम्म्या. टिंबं एकतीस होती. तिनं टिंबांवर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?" मी सांगितलं की, इतक्या वेळा समोरची मुलगी तुला बघून मागे वळली. ती काही बोलली नाही. वही मांडीवर घेऊन बसली, आणि घर येईपर्यंत एकेका टिंबाखाली आठवेल तसा सामना लिहीत राहिली.